वाचक विचारतात: अमेरिकेतल्या जुन्या शेतकऱ्यांची घरं बघायची तर कुठनं सुरुवात करू?

गेल्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहिली होती की पोरांकडं बॉस्टनला जाताय तर हार्वर्डच्या गेटवर फोटो काढून झाला की एखादं तीनशे वर्षांचं शेतकऱ्याचं घरपण बघून या. त्या एका ओळीवर एवढे मेसेज आले की यावेळचं सगळं सदर त्याच्यावरच करतोय. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत, काही लई लांबलचक होते ते कापलेत, रागावू नका.

प्रश्न: दादा, मुलगी बॉस्टनजवळ असते, तिच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं मे ते ऑक्टोबर चाललोय. मिस्टर म्हणतात नायगारा काय सगळेच बघतात, मला तिथल्या शेतकऱ्याचं जुनं घर आतनं बघायचंय, चुलीपासून गोठ्यापर्यंत. असं कुणाच्या घरात जाता येतं का, आणि कुठं जायचं?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: काकू, मिस्टरांना माझा नमस्कार सांगा, बरोब्बर मुद्द्याला हात घातलाय त्यांनी. आणि तुमचा सीझनपण जमलाय, कारण ही घरं बहुतेक करून जून ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच उघडी असतात, काही फक्त शनिवार-रविवार आणि एखाददुसरं तर महिन्यातनं ठरावीक दिवशीच, कारण चालवणारी मंडळी म्हणजे गावातल्या इतिहास मंडळाचे निवृत्त लोक असतात, पगारी स्टाफ कमीच. तेव्हा निघायच्या आदल्या रात्री लेकीला वेबसाइट बघायला सांगायचीच, नाहीतर कुलूप बघून परत यावं लागतं.

पहिलं घर डेडहॅमचं फेअरबँक्स हाऊस, बॉस्टनला लागूनच आहे. लाकडी सांगाड्याचं एवढं जुनं घर उत्तर अमेरिकेत दुसरं उभं नाही. साधारण 1641 च्या आसपासचं, म्हणजे इकडं शिवाजी महाराज अकरा वर्षांचे होते तेव्हाचं, आणि हे काय कुणाच्या पणजोबांनी सांगितलं म्हणून नाही, तुळयांच्या लाकडातली वर्तुळं मोजून झाड कधी तोडलं ते काढलंय. यॉर्कशायरहून आलेल्या जोनाथन फेअरबँक्सनं बांधलं आणि पुढं आठ पिढ्या तिथंच नांदल्या, पार विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत. प्रत्येक पिढीनं कुठं खोली वाढव, कुठं पडवी जोड असं केल्यामुळं आज तिथं सरळ रेघ म्हणून शोधून सापडत नाही, छप्पर खचलंय, दारं तिरकी, जमीन उताराची. मला त्याच्यातच मजा वाटते.

दुसरं, आणि मिस्टरांना हे जास्त आवडणार बघा, न्यूबरी गावातलं कॉफिन हाऊस, 1678 चं. 1785 मध्ये दोन भावांनी हे घर कायदेशीर वाटून घेतलं, छप्पर एकच पण स्वयंपाकघरं दोन आणि संसार दोन. भावकीत वाढलेल्या माणसाला आत गेल्यावर काय बघायचं ते वेगळं सांगायला नको, दोन चुली कुठं कुठं मांडल्या, वाट कुणाच्या खोलीतनं जाते, सगळं बघून घ्या. त्या काळात तिकडं नवरा गेला की बाईला साधारण एक तृतीयांश मिळकत हयातीपर्यंत वापरायला मिळायची, मालकी नाही, आणि मग कागदावर लिहून ठेवायचे की आईनं पश्चिमेकडची खोली वापरावी, विहिरीवर जायला अंगणातनं वाट, भट्टीत पाव भाजायचा हक्क. आपल्याकडं पण जुन्या वाटणीपत्रात न्हाणीघर आणि परसातली वाट लिहिलेली असते की.

लोकल ट्रेननं जायचं असेल तर इप्सविच. सतराव्या शतकातली आणि अठराव्याच्या सुरुवातीची एवढी घरं अमेरिकेत दुसऱ्या कुठल्याच गावात नाहीत. मात्र बहुतेकांत लोक राहतात त्यामुळं रस्त्यावरनंच बघायची, कुणाच्या कुंपणात शिरू नका. व्हिपल हाऊस, 1677 चं, ते म्युझियम आहे, स्टेशनपासून चालत जाता येतं. गंमत म्हणजे हे घर 1927 मध्ये उचलून नदीच्या पलीकडं नेऊन ठेवलंय.

आणि एक अख्खा दिवस ओल्ड स्टर्ब्रिज व्हिलेजला द्या. बॉस्टनहून गाडीनं सव्वा तास. हे 1946 साली सुरू झालं, न्यू इंग्लंडच्या, म्हणजे बॉस्टनच्या आजूबाजूच्या ईशान्येकडच्या राज्यांच्या, वेगवेगळ्या गावांतनं जुनी घरं, दुकानं, गिरण्या उचलून आणून 1790 ते 1830 च्या काळातलं गाव वसवलंय. आपल्या कणेरी मठाचं म्युझियम बघितलंय न्हवं, तसंच, फक्त तिकडं पुतळ्यांऐवजी जिवंत माणसं आहेत, जुने कपडे घालून खरोखरचं दूध काढणारी, बैल जुंपणारी, चीज बनवणारी. तिथलं फ्रीमन फार्म सोडू नका, बाकी गाव नाही झालं तरी चालेल.

एक सांगतो ते ऐका, एका दिवसात दोनच घरं बघा, तीन म्हणजे लई झालं. आणि आत गेल्यावर पुढची बैठकीची खोली दोन मिनिटात उरका. तिथं चिनी कपबशा, घड्याळ, कुणाचं तरी तैलचित्र, सगळीकडं तेच. घर मागच्या बाजूनं बघायचं असतं. स्वयंपाकघर, तळघर, माळा, कोठार. शेतकऱ्याचं सगळं आयुष्य मागंच असायचं, पुढची खोली पाहुणा आणि मयत यांच्यासाठी.

प्रश्न: सर, मी बांधकामाच्या लाईनमध्ये आहे. शिरोळ तालुक्यातला आमचा जुना वाडा 2019 च्या पुरात एका बाजूनं बसला आणि 2021 ला राहिलेला पण गेला. मग नुसत्या लाकडाची घरं पावणेचारशे वर्षं बर्फात कशी टिकतात? आणि फोटोत बघितलं तर छप्पर मागं एकदम जमिनीपर्यंत उतरलेलं दिसतं, ते का?
– एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर: वाड्याचं वाचून वाईट वाटलं. दादा, पहिली गोष्ट म्हणजे सगळी टिकली नाहीत, टिकली तीच आपण बघतो. व्हर्जिनिया-मेरीलँडकडं सुरुवातीचे शेतकरी खांब सरळ जमिनीत गाडून घरं उभी करायचे, ती काही वर्षांत बुडाशी कुजून गेली, सतराव्या शतकातली तिथं जवळजवळ काहीच राहिलेली नाहीत. न्यू इंग्लंडमध्ये खाली दगडी पाया, त्याच्यावर आडवा जाड वासा आणि त्याच्यावर ओकचा सांगाडा. सगळं वजन सांगाड्यावर. बाहेरच्या फळ्या एकीवर एक चढवलेल्या असतात, पाणी निथळून जायला, त्या कुजल्या की काढायच्या नव्या ठोकायच्या. म्हणजे बाहेरची फळी कदाचित चाळीस वर्षांची असेल पण आतली तुळई पहिलीच. त्यात थंडी एवढी की वाळवीचं आपल्याएवढं फावत नाही. आणि पुराचं म्हणाल तर मातीची भिंत आठवडाभर पाण्यात उभी राहिल्यावर तिच्याकडनं कसली अपेक्षा करणार.

तुम्ही लाईनमधले आहात म्हणून सांगतो, माळ्यावर सोडत असतील तर टॉर्च घेऊन जा. वाशाला खाच, दुसऱ्याला तोंड, आणि आरपार लाकडी खुंटी, असा जोड असतो, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना सुताराच्या पटाशीनं कोरलेले रोमन आकडे दिसतात, एका वाशावर चार रेघा तर त्याच्या जोडीदारावर पण चार रेघा. सगळा सांगाडा आधी जमिनीवर आडवा पाडून जुळवायचे, नंबर टाकायचे, सुटा करायचे आणि मग गावातले लोक बोलावून एका दिवसात उभा करायचे. फळीवर करवतीच्या खुणा बघा, सरळ उभ्या रेघा असतील तर पाणचक्कीवरच्या वरखाली चालणाऱ्या करवतीच्या, गोलाकार असतील तर गोल करवत आली तेव्हाच्या, म्हणजे साधारण 1830 नंतरच्या. खिळेपण तसेच. चौकोनी, डोक्यावर हातोड्याचे ठोके दिसणारा खिळा लोहारानं घडवलेला, 1790 नंतर मशीननं कापलेले चपटे आले आणि गोल तारेचा खिळा दिसला की समजायचं एकोणिसावं शतक संपत आलेलं. गाईड तारीख काहीही सांगू दे, तुम्ही खिळा बघा. लोखंड एवढं महाग होतं की व्हर्जिनियात लोक गाव सोडताना घर जाळून राखेतनं खिळे वेचून न्यायचे, आणि 1645 च्या सुमारास तिथं असं करायला बंदी घालणारा कायदा करावा लागला.

छपराचं उत्तर सोपं आहे. पुढं दोन मजले, मागं एकच. मागं स्वयंपाकघराची पडवी काढायची आणि तेच छप्पर लांबवून खाली आणायचं. पहिल्यापासून तसंच बांधलेलंपण असतं, मागनं जोडलेलंपण असतं, माळ्यावर गेल्यावर कळतं, कारण जोडलेलं असेल तर जुन्या बाहेरच्या भिंतीच्या फळ्या आता आत दिसतात. क्विन्सीमध्ये दोन राष्ट्राध्यक्ष जन्मले ती घरं, जॉन ॲडम्स 1735 आणि त्याचा मुलगा जॉन क्विन्सी ॲडम्स 1767, ही दोन्ही अशीच आहेत, एकमेकांच्या शेजारी. चिमणी मात्र घराच्या मधोमध एकच प्रचंड, तिच्याभोवती सगळ्या खोल्यांच्या चुली, म्हणजे विटा तापल्या की घर रात्रभर उबदार. व्हर्जिनियाकडं उलट, चिमण्या घराच्या दोन टोकांना, कारण तिथं उन्हाळ्यात ती उष्णता आत नको असते.

प्रश्न: आम्ही मागच्या वर्षी दोन-तीन अशी घरं बघितली. गाईड बाई म्हणाल्या की कपाट ही वेगळी खोली धरून टॅक्स लागायचा म्हणून घरात कपाटं नाहीत, आणि लोक बुटके होते म्हणून दारं आणि पलंग छोटे. खरंय का हे?
– एक वाचक, ताराबाई पार्क

उत्तर: नाही हो. कपाटाचा टॅक्स हा तिकडच्या म्युझियमवाल्यांचा गाजलेला गैरसमज आहे, असा टॅक्स नव्हताच, लोकांकडं कपडेच दोन-तीन जोड, ते खुंटीला नाहीतर पेटीत, कपाट कशाला पाहिजे. उंचीचं तर उलटंय, अमेरिकेत जन्मलेले स्वातंत्र्ययुद्धातले सैनिक सरासरी पाच फूट आठ इंचाच्या आसपास होते, म्हणजे आजच्या आपल्या बऱ्याच जणांपेक्षा उंच. दारं-छत बुटकं कारण उष्णता वर जाते आणि लाकूड फोडायचं स्वतःलाच. पलंग छोटा वाटतो कारण त्याचे खांब उंच आणि गादी फुगीर.

त्यांनी रुंद फळ्यांची गोष्ट सांगितली असेल तर ती निम्मी खरी आहे. 1691 च्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेत 24 इंचांपेक्षा जाड बुंध्याची झाडं, जी जमीन आधी कुणाच्या खासगी मालकीची नव्हती तिथली, ती इंग्लंडच्या राजाच्या आरमाराला डोलकाठीसाठी राखून ठेवली होती. त्यामुळं माळ्यावर चोवीस इंची रुंद फळी दिसली की गाईड लोक हळूच हसून म्हणतात राजाचं झाड चोरलंय. चोरलंही असेल, पण स्वतःच्या रानातलंपण असू शकतं.

प्रश्न: मी शिक्षिका आहे. अशा घरांबद्दल वाचताना 'कष्टाळू गोरा शेतकरी आणि त्याचं कुटुंब' एवढंच येतं. गुलाम फक्त दक्षिणेत होते का? आणि ही जमीन आधी कुणाची होती हे तिथं सांगतात का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर: बाई, मला या अंकातला हा सगळ्यात चांगला प्रश्न वाटला. दक्षिणेत तर होतेच, माउंट व्हर्ननला, म्हणजे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनच्या शेतावर, 1799 मध्ये 317 गुलाम माणसं होती. पण उत्तरेतपण होते आणि हे बऱ्याच वर्षांपर्यंत तिथल्या टूरमध्ये कुणी सांगतच नव्हतं. न्यूयॉर्कच्या उत्तरेला स्लीपी हॉलोमध्ये फिलिप्सबर्ग मॅनर आहे, पाणचक्की, कोठार, घर, सगळं हडसन नदीच्या काठाला, चित्रासारखं. 1750 ची मिळकतीची यादी आहे, त्यात गुरंढोरं, भांडीकुंडी यांच्या बरोबरीनं 23 गुलाम आफ्रिकी माणसांची नोंद आहे. ती गिरणी त्यांनीच चालवली, आणि आता तिथली टूर त्यांच्याच बाजूनं सांगतात. बॉस्टनजवळ मेडफर्डला रॉयल हाऊस आहे, मालकाचा बंगला झकपक, आणि बाजूला गुलामांची राहायची इमारत अजून उभी. दोन्हीकडं जाऊन या, आणि आधी छोट्या इमारतीत जा. मॅसॅच्युसेट्समध्ये 1783 च्या कोर्टाच्या निकालानं गुलामगिरीचा पाया गेला, न्यूयॉर्कमध्ये मात्र 1827 पर्यंत चालली.

न्यूयॉर्क शहरात उतरणाऱ्यांसाठी म्हणून इथंच सांगून टाकतो, ब्रुकलिनमध्ये वायकॉफ हाऊस आहे, 1652 च्या आसपासचं, शहरातली सगळ्यात जुनी इमारत, डच शेतकऱ्याची, आजूबाजूला आता गॅरेज आणि दुकानं. आणि मॅनहॅटनमध्ये ब्रॉडवेवर, हो त्याच ब्रॉडवेवर पण पार वरच्या टोकाला 204 व्या रस्त्याजवळ, डायकमन फार्महाऊस आहे, 1784 च्या सुमाराचं, सबवेनं जाता येतं. दोन्ही घराण्यांकडं गुलाम होते आणि दोन्हीकडं आता ते सांगतात.

जमिनीबद्दल, प्लिमथला प्लिमथ पटक्सेट म्युझियम्स आहे, तिथली घरं अस्सल नाहीत, 1620 च्या दशकातल्या वसाहतीची नक्कल आहे, पण तिथल्या मूळ रहिवाशांची, वांपानोआग लोकांची, बाजूपण मांडलीय, आणि पटक्सेट हे मूळ गावाचं नाव त्यांनी 2020 मध्ये म्युझियमच्या नावात घेतलं. बाकी छोट्या घरांत कुणी आपणहून बोलत नाही. सरळ विचारायचं की माळ्यावर कोण झोपायचं, चूल पहाटे कोण पेटवायचं. या दोन प्रश्नांवर गाईड किती तयारीचा आहे ते कळतं.

प्रश्न: भाचा फिलाडेल्फियाला असतो. आमचा दुधाचा धंदा आहे, मला घरापेक्षा गोठा बघण्यात इंटरेस्ट आहे. काही सुचवाल का?
– एक वाचक, राधानगरी तालुका

उत्तर: मग तुम्ही लँकेस्टर काउंटीलाच जा, दुसरीकडं कुठंच नको. तिकडं जर्मन आणि स्विस शेतकरी आले आणि त्यांचे गोठे घरापेक्षा दांडगे. उताराला टेकवून बांधतात, वरच्या अंगानं गवताची गाडी थेट वरच्या मजल्यावर जाते, आणि खालच्या अंगानं जनावरं आत. गवत वर, जनावर खाली, वरनं झाप उघडायची आणि वैरण खाली पाडायची, डोक्यावर भारा नाही काय नाही. वरचा मजला खालच्यापेक्षा थोडा पुढं काढलेला असतो, त्याच्या आडोशाला जनावरं पावसात उभी राहतात. तुमच्याकडं राधानगरीला उताराची जमीन आहेच, बघून घ्या नीट, मापं घेऊन या.

घर बघायचंच तर हान्स हेर हाऊस, 1719 चं, लँकेस्टर काउंटीतलं सगळ्यात जुनं. दगडी, छप्पर एकदम उभं आणि दारावरच्या दगडात साल आणि मालकाची अक्षरं कोरलेली. नाव हान्सचं पण बांधलं त्याच्या मुलानं, ख्रिस्टियननं, आणि मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची प्रार्थनापण याच घरात व्हायची. जर्मन घरांत चूल स्वयंपाकघरात आणि भिंतीपलीकडं बैठकीच्या खोलीत शेगडी, तिला निखारे स्वयंपाकघराकडनंच भरायचे, म्हणजे खोलीत ऊब आहे पण धूर नाही. आमच्या आज्यांना हे कुणी सांगायला पाहिजे होतं.

आजूबाजूला आमिश लोक, म्हणजे जुन्या पद्धतीनं राहणारा एक ख्रिस्ती पंथ, घोडागाडीतनं जाताना दिसतील, त्यांच्या तोंडावर कॅमेरा धरू नका, त्यांना ते चालत नाही.

प्रश्न: आमचं गुऱ्हाळ आहे. ऐकलंय की अमेरिकेतपण जुने शेतकरी झाडाच्या रसाचा गूळ करायचे, ते बघायला मिळतं का?
– एक वाचक, करवीर तालुका

उत्तर: मिळतं, पण मग उन्हाळ्यात जाऊन उपयोग नाही. मेपलच्या झाडाचा रस फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच चालतो, रात्री गोठणारी थंडी आणि दुपारी थोडं ऊन असं पाहिजे, तेव्हाच रस वाहतो. झाडाला भोक पाडून नळी ठोकायची, खाली बादली. रस पाण्यासारखा, साखर दोनेक टक्के. चाळीस लिटर आटवला तर एक लिटर पाक मिळतो, आणि आणखी आटवला की साखरेची ढेप. तुमच्याकडं काहिलीत पाच-सहा किलो रसाला किलोभर गूळ पडतो, त्यामुळं त्यांचं जळण किती लागत असेल याचा अंदाज तुम्हीच करा. पांढरे लोक यायच्या आधीपासून हे तिथले मूळ रहिवासी करायचे, त्यांच्याकडनंच शेतकरी शिकले. वेस्ट इंडिजमधनं गुलामांकडनं पिकवून घेतलेली उसाची साखर यायची ती महाग, म्हणून डोंगरातला शेतकरी मेपलवरच भागवायचा. स्टर्ब्रिजला मार्चमध्ये जुन्या पद्धतीनं, उघड्यावर लोखंडी कढया टांगून हे करून दाखवतात. वास ओळखीचा येईल तुम्हाला.

प्रश्न: गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. अशा घरांत फिरता येईल का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर: खालचा मजला आरामात, वरचा विसरा. जिना चिमणीला लागून, तीन वळणांचा, पायऱ्या उंच आणि अरुंद, बऱ्याच ठिकाणी धरायला पुरेसा कठडासुद्धा नसतो. उंबरेपण उंच असतात आणि दाराची चौकट कपाळाला लागते, त्यामुळं खाली बघून चालाल तर वर आपटाल. सकाळचा पहिला टूर घ्या, गर्दी नसते आणि गाईड निवांत बोलतो. खुर्चीवर बसायला मनाई असते, ती जुनी असते म्हणून, पण गुडघ्यांचं सांगितलं की साधी खुर्ची आणून देतात. टॉयलेट घरात नसतं, ऑफिसच्या शेडमध्ये असतं, आधी जाऊन या. नातवाला वर पाठवा आणि माळ्याचे फोटो मोठ्या स्क्रीनवर बघा, खिळ्यांचे क्लोजअप काढायला सांगा त्याला.